‘खांब’ आठ पिक्सेलांत : पिक्सेलचित्र जुन्या टीव्हीवर का पाहावे?

मुंबई-गोवा महामार्गावर नागोठणे मागे टाकून कोलाडकडे निघालेल्या प्रवाशाला वाटेत खांब लागते. रोहा तालुक्यातील या गावाच्या नावात अक्षरे दोनच. त्यांना जोडून एक काना आणि एक अनुस्वार. जुन्या गेम कन्सोलवर देवनागरी उमटवू पाहणाऱ्या चित्रकारासाठी मात्र याहून कठोर परीक्षा शोधूनही सापडणार नाही. हा धागा त्या परीक्षेविषयी आहे. त्यामागे एक आग्रहही आहे : जुन्या यंत्रासाठी काढलेले चित्र त्याच यंत्रावर, त्याच जातीच्या टीव्हीवर पाहिल्याशिवाय पुरे झाले असे म्हणू नये.

आधी यंत्र. निन्टेंडोचा फॅमिकॉम १५ जुलै १९८३ रोजी जपानमध्ये विक्रीस आला. त्याचा पडदा २५६ बाय २४० पिक्सेलांचा. पार्श्वभूमी आठ बाय आठ पिक्सेलांच्या चौकटींनी बनते, आणि सोळा बाय सोळाच्या प्रत्येक भागाला तीन रंग व एक सामाईक पार्श्वरंग एवढेच मिळतात. ‘सुपर मारिओ’ची रचना करणाऱ्यांनी आपले टप्पे आलेख-कागदावर आखले होते, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. पण कागदावरची चौकट हा केवळ आराखडा होता. चित्र घडायचे ते काचेवर.

महाराष्ट्रातील घरांत नव्वदच्या दशकात जे यंत्र पोहोचले, ते बहुधा मूळ फॅमिकॉम नव्हतेच. समुराई, मीडिया, लिटल मास्टर अशा नावांनी विकल्या जाणाऱ्या त्याच्या नकला होत्या. मुलांच्या तोंडी त्या सगळ्यांना एकच नाव, ‘टीव्ही गेम’. आणि कार्ट्रिजला ‘कॅसेट’. ती चालेनाशी झाली की फुंकर मारायची, हा त्या काळचा सर्वमान्य उपचार.

आता टीव्ही. जपान आणि अमेरिकेत एनटीएससी पद्धत होती : सेकंदाला साठ वेळा चित्र. भारताने १९८२ साली रंगीत प्रक्षेपण सुरू केले ते पाल पद्धतीने. जर्मन अभियंता वाल्टर ब्रुख यांची ही पद्धत. ६२५ ओळी, सेकंदाला पन्नास वेळा चित्र. औरंगाबादजवळच्या चितेगावात व्हिडिओकॉनचे जे टीव्ही तयार होत, ते याच घराण्यातले.

या फरकाचे परिणाम किरकोळ नाहीत. साठऐवजी पन्नास म्हणजे खेळ सुमारे सतरा टक्क्यांनी मंद. पाल देशांसाठी बनलेल्या अनेक नकलांत मात्र सूर जवळपास मूळ उंचीचाच राहतो, फक्त लय संथ होते. युरोपात अधिकृतपणे विकल्या गेलेल्या निन्टेंडोच्या यंत्रात सूरही खाली उतरत असे. म्हणजे या बाबतीत नक्कल अस्सलाहून अस्सल! (काही नकलांत आवाजाच्या लहरींचे दोन प्रकार आपापसांत बदललेले असत, हेही येथेच सांगून टाकावे, नाहीतर हे कौतुक एकांगी होईल.)

चित्राचे काय? पालच्या पडद्यावर ओळी जास्त, यंत्राच्या ओळी मात्र २४०च. म्हणून वर-खाली पट्ट्या उरतात आणि प्रत्येक पिक्सेल उंचीच्या मानाने सुमारे १.४ पट रुंद दिसतो. एनटीएससीवर तो १.१४ पट. आज संगणकावर तो अगदी चौरस. तीन पडदे, तीन आकार. संगणकावर कोणी शिवछत्रपतींची अष्टकोनी राजमुद्रा नेमकी समभुज काढली, तर पालच्या टीव्हीवर ती आडवी पसरते. किल्ल्याचा उंच बुरूज दबून ठेंगणा होतो. मारिओ तर येथल्या मुलांना जपानी मुलांहून वीसएक टक्के जाडाच भेटला, आणि कोणाची तक्रार आली नाही.

रंगाची गोष्ट अधिक रंजक आहे. या यंत्राच्या पोटात लाल, हिरवा, निळा अशी मोजमापे नाहीतच. ते थेट टीव्हीचा संदेश तयार करते : अमुक उजेड, अमुक रंगलहरीचा टप्पा. भगव्यासाठी जो क्रमांक निवडावा, त्याचा खरा भगवा कोणता हे टीव्हीच ठरवतो. शिवाय एका पिक्सेलच्या वाट्याला रंगलहरीचे पूर्ण आवर्तनही येत नाही. साहजिकच शेजारचे रंग एकमेकांत सांडतात. पालमध्ये लागोपाठच्या दोन ओळींच्या रंगांची सरासरी काढली जाते, त्यामुळे एकेका ओळीचे आडवे रंगीत पट्टे मिसळून तिसराच रंग होतो. जुन्या चित्रकारांना हे सांडणे ठाऊक होते. सेगाच्या ‘सॉनिक’मधला धबधबा म्हणजे उभ्या रेघांची जाळी, साध्या केबलने टीव्हीला जोडले की तिचे पारदर्शक पाणी होते, आणि आजच्या लख्ख पडद्यावर पुन्हा जाळी.

आता ‘खांब’कडे वळावे. आठ ओळींची एक चौकट. अनुस्वाराला एक ओळ, तो शिरोरेषेत विरघळू नये म्हणून एक ओळ रिकामी, शिरोरेषेला एक. उरल्या पाच. या पाच ओळींत ‘ख’ बसवायचा. संगणकावर तो बसतो, वाचताही येतो. चित्रकार समाधानाने फाइल जतन करतो. चूक होते ती नेमकी येथे.

टीव्हीची किरणरेषा आडवी धावते. म्हणून एका पिक्सेलची आडवी शिरोरेषा काचेवर ठसठशीत उमटते. एका पिक्सेलचा उभा काना मात्र पुसट होतो आणि त्याच्या कडांना नको ते रंग चिकटतात. ‘ब’च्या पोटातली तिरपी रेघ विरघळली की ‘व’ उरतो. ‘ख’चा खालचा जोड निसटला की ‘रव’ उरतो. ज्या घोटाळ्यापायी लिपिसुधारकांनी हा जोड पक्का केला, तोच घोटाळा काचेवर परत येतो. आणि अनुस्वार? एकच ओळ, एकच पिक्सेल. अँटेनाच्या तारेतून आलेल्या खरखरीत चित्रात तो ठिपका मुंग्यांमधली एक मुंगी होऊन जातो. गावाचे नाव उरते ‘रवाव’.

रोमन अक्षरांना हा फटका कमी बसतो, कारण त्यांचा अर्थ डोक्यावरच्या एकाकी ठिपक्यावर क्वचितच टांगलेला असतो. म्हणूनच इंग्रजी फॉण्टसाठी सांगितलेले नियम उचलून देवनागरीला लावणे हा आळस आहे. मराठी पिक्सेललेखनाचे नियम पालच्या काचेसमोर बसूनच सापडतील. काही सहज हाती लागतात : काना दोन पिक्सेलांचा हवा, अनुस्वार निदान दोन पिक्सेल रुंद, शिरोरेषा एकाच ओळीची पुरे. पिक्सेल मुळात रुंद असल्याने आठ बाय आठमधले अक्षर काचेवर आपोआप ऐसपैस होते. संगणकावर चिंचोळे वाटणारे वळण तेथे सुरेख दिसते. मजकूर फार असेल तर दोन चौकटी एकावर एक ठेवाव्यात. ओळी कमी मावतील. वाचता तरी येतील.

पेणच्या कारखान्यांत गणेशमूर्तीच्या डोळ्यांची आखणी सरावलेल्या हाताकडे असते. तो हात रंगाच्या बाटलीवरची छटा पाहून थांबत नाही, मूर्तीच्या मुखावर ती कशी उतरते ते पाहतो. पिक्सेलकारानेही तेवढी अट पाळावी.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला : संगणकावर जुन्या टीव्हीचा आभास देणारे फिल्टर आहेत, मग खटाटोप कशाला? फिल्टर उपयोगी आहेत, पण त्यांतले बरेचसे एनटीएससीची नक्कल करतात. आकार वेगळा, रंग सांडण्याची तऱ्हा वेगळी. त्यावर विसंबून ‘नव्वदच्या दशकातले मराठी बालपण’ अशी चित्रे मिरवणे म्हणजे जपानी दिवाणखाना कोकणातला म्हणून दाखवणे. दुसरा आक्षेप शुद्धतावाद्यांचा : पाहायचेच तर मूळ निन्टेंडो यंत्रावर पाहा. येथल्या इतिहासापुरता हा आग्रह उलटा आहे. येथे घडलेला अनुभव नकलेचा होता, आणि नक्कल हाच येथला अस्सल दस्तऐवज आहे.

करणे फारसे अवघड नाही. चित्र रॉममध्ये बांधावे, मेमरी कार्ड बसणाऱ्या फ्लॅश कार्ट्रिजवर चढवावे, नकली यंत्रात ती कॅसेट घालावी, आणि शक्य असल्यास एव्ही केबलऐवजी अँटेनाच्या तारेनेच जोडावे. सहा-सात फुटांवर बसून वाचावे. चित्र न पाहिलेल्या घरातल्या कोणाला तरी शब्द वाचायला सांगावे. चित्रकाराच्या डोळ्याला आधीच उत्तर माहीत असते. टीव्हीची मागची बाजू मात्र उघडू नये, आत हजारो व्होल्टांचा साठा बंद केल्यावरही काही काळ टिकून राहतो.

अडचण एकच, आणि तिला मुदत आहे. चित्रनळीचे टीव्ही आता कोणी बनवत नाही. शिसेमिश्रित काचेमुळे त्यांना ठेवून घेण्यापेक्षा मोडीत काढण्याकडे कल असतो, आणि भंगारवाल्याला किंमत वाटते ती आतल्या तांब्याची. पेण-रोह्याच्या वाटेवरील एखाद्या घराच्या माळ्यावर चालू स्थितीतला टीव्ही अजून असेल, तर तो उतरवून आधी ‘खांब’ लिहून पाहावा.