हाउसिंग बदललं, पण शाफ्टचं काय?

गळीत हंगाम तोंडावर आलाय. आपल्या कराड-सांगली पट्ट्यात गॅरेजांसमोर उसाच्या गाड्या रांगेनं उभ्या आहेत. कुणाचे पाटे चाललेत, कुणाचे टायर, आणि बऱ्याच जणांचं मागचं अख्खं हाउसिंगच बदलायचं चाललंय. कुठं तडा गेलाय, कुठं क्राऊन-पिनियन खाल्लंय, तर कुठं "जरा हेवी टाकू, माल जास्त बसंल" असा हिशेब आहे.

हाउसिंगसाठी मालक दोन दिवस भंगार बाजार पालथा घालतो, पैसेही मोजतो. शाफ्टचा विषय निघाला की मात्र एकच वाक्य : "आहे तोच लाव, नाय बसला तर काप." या एका वाक्याबद्दल लिहायचंय. वीसेक वर्षं हायवेच्या कडेला हेच काम करतोय, म्हणून बोलतो.

दुसऱ्या गाडीचं हाउसिंग आलं की पिनियनचं नाक पुढं-मागं होतं, वर-खाली होतं. म्हणजे गिअरबॉक्सच्या फ्लँजपासून पिनियनच्या फ्लँजपर्यंतचं अंतर बदललं. ते माप गाडी सपाट जागेवर, स्वतःच्या चाकांवर उभी असताना घ्यायचं असतं. जॅकवर उचलून हाउसिंग खाली लोंबकळत असताना घेतलेलं माप खोटं. रिकामी गाडी आणि भरलेली गाडी यातही फरक पडतो, कारण पाटे दबले की हाउसिंग सरकतं. ती सरक घ्यायला शाफ्टच्या स्लीव्हमध्ये दोन्ही बाजूंना जागा लागते. शाफ्ट आखूड पडला तर स्लीव्हचे दात जेमतेम अडकतात आणि खड्ड्यात निसटू शकतात. लांब पडला तर ठोकत-ठोकत सेंटर बेअरिंग नाहीतर गिअरबॉक्सचं बेअरिंग खातो.

दुसरी गोष्ट कोनाची. क्रॉस तिरका चालला की एका फेऱ्यात शाफ्ट दोनदा किंचित जोरात आणि दोनदा किंचित हळू फिरतो. पुढचा क्रॉस जे बिघडवतो ते मागचा सावरतो, पण दोन्ही कोन जवळपास सारखे असले आणि योक एका रेषेत असले तरच. कोनात एका अंशाहून जास्त फरक दिसला तर पाटा आणि हाउसिंगच्या मध्ये पाचर टाकून तो काढायचा असतो. स्लीव्ह सोडवण्याआधी पंचनं खूण करायला मिनिटसुद्धा लागत नाही. तेही कुणी करत नाही.

तिसरं बॅलन्सिंग. ताशी ६० च्या वेगाला ट्रकचं चाक मिनिटाला तीनशेच्या आसपास फिरतं. क्राऊन-पिनियनचा रेशो ६ धरला तर शाफ्ट मिनिटाला १,८०० फेरे घेतो. असा जड पाइप लेथवर कापून, वेल्डिंग मारून, बॅलन्स न करता लावला तर गाडी थरथरणारच. आणि रेशोचं म्हणाल तर, दोन मागच्या एक्सलच्या गाडीत दोन्हींचे रेशो एकच लागतात. क्राऊनचे दात भागिले पिनियनचे दात, एवढाच हिशेब आहे. ४१ आणि ७ असतील तर ५.८६. हाउसिंग विकत घेतानाच दात मोजा.

बोल्ट तर विचारूच नका. डोक्यावर १०.९ लिहिलेला बोल्ट काढायचा आणि डब्यात सापडेल तो घालायचा. नटही जुनाच.

मग काय होतं? शाफ्ट मागून सुटला तर फटके मारत हवेचे पाइप, वायरिंग, टाकी जे लागेल ते तोडतो. पुढून सुटला तर टोक रस्त्यात रुततं आणि गाडी उचलली जाते. उतारावर सुटला तर इंजिनचा रोध क्षणात संपतो. कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार सगळ्यांना माहीत आहे. २० नोव्हेंबर २०२२ ला तिथं एका ट्रकमुळे ४८ गाड्यांचं नुकसान झालं. तो अपघात शाफ्टमुळे झाला असं मी म्हणत नाही. ताब्यात न राहिलेली जड गाडी उतारावर काय करते, एवढंच सांगतोय.

"हेवी हाउसिंग टाकलं म्हणजे पासिंग वाढलं" हाही गैरसमज काढून टाका. २०१८ मध्ये केंद्रानं चार टायरच्या एका एक्सलचा भार १०.२ वरून ११.५ टन केला, पण तुमच्या गाडीला आरसीवर जो आकडा आहे तोच लागू. जास्त भराल तर २०,००० रुपये दंड, वर प्रत्येक जादा टनाला २,०००. कंपनीच्या मापाबाहेरचा बदल विनापरवाना केला तर कलम ५२ आहेच.

यात भरडला जातो तो ड्रायव्हर. हाउसिंग त्यानं निवडलेलं नसतं, शाफ्ट त्यानं कापलेला नसतो. "मालक, गाडी थरथरतेय" म्हणाला की "हंगाम संपू दे, बघू" हे उत्तर. आणि मिस्त्री? त्यानं नाही म्हटलं तर पुढच्या गॅरेजवाला दोन तासांत लावून देतो. मापाचे, कोनाचे, बॅलन्सिंगचे पैसे द्यायची आपल्याकडं पद्धतच नाही. फुकटात काम मागितलं की अंदाजपंचे काम मिळतं.

म्हणून तीन मागण्या. एक, हाउसिंग बदललं की मिस्त्रीनं चिठ्ठी द्यावी : शाफ्टची लांबी, दोन्ही कोन, रेशो, बॅलन्सिंगची पावती. मालकानं त्याचे वेगळे पैसे द्यावेत आणि चिठ्ठी केबिनमध्ये ठेवावी. दोन, साखर कारखाने तोडणी-वाहतुकीचा करार करताना गाडीची कागदपत्रं बघतात, तिथंच ही चिठ्ठीही मागावी. त्यांना एक कागद जास्त, दुसरं काही नाही. तीन, आठ वर्षांपर्यंतच्या गाडीचं फिटनेस दोन वर्षांनी होतं, पुढं दरवर्षी. त्यात गाडी खड्ड्यावर घेऊन खालून शाफ्ट, क्रॉस, बोल्ट हातानं हलवून बघायलाच हवेत. आणि वाहतूकदार संघटनांनी मनावर घेतलं तर तालुक्याला एक बॅलन्सिंग मशीन वर्गणीतून उभं राहू शकतं. वर्गणी आपण कशाकशाला काढतो ते मी सांगायला नको.

खर्च वाढेल, गाडी एक दिवस जास्त उभी राहील, मान्य. पण उसाच्या ट्रकमागं शाळेची पोरं सायकलवर असतात, हे आपण रोज बघतो.

तुमच्या ओळखीत कुणाचं हाउसिंग चाललं असेल तर त्याला ही पोस्ट दाखवा. आणि तुमच्याकडं बॅलन्सिंग कुठं होतं ते खाली लिहा, म्हणजे बाकीच्यांना शोधत फिरायला नको.