भेंडी कुणाची, परडं कुणाचं?

आमच्या पेण-रोह्याकडे भेंडी हे बाईच्या हातचं पीक. भाताची पेरणी उरकली की घरामागच्या परड्यात ती भेंडीचं बी टोकते. लावणीच्या दिवसांत दिवसभर चिखलात वाकायचं आणि संध्याकाळी परड्यातलं तण काढायचं. दीड-पावणेदोन महिन्यांत भेंडी धरते, मग एक दिवसाआड तोडणी. तोडणी चुकली की भेंडी जून होते, झाडाचं नवं धरणंही मंदावतं. बारीक लवेने हातांना खाज सुटते, ती वेगळीच. घरी खाऊन उरली तर बाजारात वाटे लावून बसायचं. पुढच्या वर्षाच्या बियासाठी चार चांगल्या शेंगा झाडावरच वाळवायच्या, बी राखेत घोळवून ठेवायचं. तेही तिनेच.

एवढं करणाऱ्या बाईला विचारा, तू काय करतेस? ती म्हणते, "काही नाही, घरीच असते." तिला हे शिकवलं कुणी? १९९१ च्या जनगणनेत शेतातल्या बिनमोबदला कामाचा उल्लेख प्रश्नातच आला, तो स्त्री संघटनांनी आग्रह धरला म्हणून. तरीही घरापुरत्या भाजीचे श्रम वर्षानुवर्षं घरकामाच्याच रकान्यात जात राहिले.

'उमेद'च्या बचत गटांमधून पोषण परसबागेचा प्रचार झाला. ताटात ताजी भाजी आली, याला माझा विरोध नाही. पण घराच्या पोषणाची जबाबदारी बाईवर टाकताना, जमीन कुणाच्या नावावर आहे, उन्हाळ्यात पाणी कोण वाहणार, हे कुणी विचारत नाही. मालकीशिवाय आलेलं काम म्हणजे नुसती कामात भर.

मालकी नसली की काय होतं, ते पेणने पाहिलं आहे. महामुंबई सेझला जमीन द्यायची की नाही, यावर २१ सप्टेंबर २००८ रोजी हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या २२ गावांत जनमत घेतलं गेलं. सेझविरोधी मोर्चांत बायका होत्याच. पण मत विचारलं ते खातेदारांचं. जिचं नाव सातबाऱ्यावर नाही, तिच्या घामाला मत नव्हतं.

कातकरी वाडीतल्या बाईची तर त्याहून बिकट अवस्था. अनेक वाड्या दुसऱ्याच्या जमिनीवर वसलेल्या. तिथे चार भेंड्या लावायच्या तरी मालकाच्या मर्जीने. २००६ च्या वनहक्क कायद्यात पती-पत्नी दोघांच्या नावे पट्टा देण्याची तरतूद आहे. वाडीवर दावे भरताना बाईचं नाव लागतंय का, हे पाहणं आपलं काम आहे.

गावातही रस्ता आहे. घराच्या आठ-अ उताऱ्यावर पतीबरोबर पत्नीचं नाव लावण्याचा शासननिर्णय २००३ चा. माहेरच्या वडिलोपार्जित जमिनीत मुलीला बरोबरीचा वाटा महाराष्ट्राने १९९४ मध्ये दिला, केंद्राने २००५ मध्ये. कायदे झाले, पण भावाशी वाईटपणा नको म्हणून हक्कसोडपत्रावर सही करणाऱ्या बहिणी आजही आहेत.

म्हणून मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत बियाण्याच्या पुड्या जरूर वाटा. पण त्याआधी प्रत्येकीने आपल्या घराचा आठ-अ उतारा घेऊन यायला सांगा. ज्यांचं नाव नाही त्यांची यादी करा आणि सगळ्या मिळून ग्रामपंचायतीत अर्ज द्या. भेंडीला आळं करतो, तसं बाईच्या पायाखालच्या जमिनीलाही तिचं नाव लागायला हवं.