मोटर, ड्राइव्ह आणि मधली केबल

१२ ऑगस्ट २०२५ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने अर्धसंवाहकांच्या चार प्रकल्पांना मंजुरी दिली. एकूण गुंतवणूक सुमारे ४,६०० कोटी रुपये. या चारांपैकी एक प्रकल्प भुवनेश्वरमध्ये सिलिकॉन कार्बाइडची साधने तयार करणार असून संयुग-अर्धसंवाहकांचा तो देशातील पहिला व्यावसायिक कारखाना ठरेल. त्यानंतर २६ नोव्हेंबर २०२५ रोजी विरल मृदा मूलद्रव्यांच्या स्थायी चुंबकांसाठी ७,२८० कोटींची योजना मंजूर झाली. वर्षाला ६,००० टन चुंबक देशात बनवण्याची क्षमता उभी करणे हे तिचे उद्दिष्ट. दोन्ही निर्णय स्वागतार्ह आहेत. पण ते दोन निरनिराळ्या मंत्रालयांचे निर्णय आहेत, आणि हे चुंबक व ही साधने ज्या एका वस्तूत एकत्र येतात, तिच्याविषयी फारसे कोणी बोलत नाही. ती वस्तू म्हणजे मोटर. नेमके सांगायचे तर, स्वतःचे ड्राइव्ह पोटात घेऊन येणारी मोटर.

ड्राइव्ह म्हणजे मोटरीला हवा तेवढा दाब आणि हवी ती वारंवारता पुरवणारे इलेक्ट्रॉनिक्स. आज बहुतेक कारखान्यांत मोटरी यंत्रावर ठिकठिकाणी असतात आणि त्यांची ड्राइव्ह मात्र दूर, भिंतीशी उभ्या असलेल्या एका पॅनेलमध्ये. प्रत्येक ड्राइव्हपासून मोटरीपर्यंत शक्तीची एक केबल आणि मोटरीची स्थिती कळवणाऱ्या एन्कोडरची दुसरी. पाकिटे भरणाऱ्या यंत्रावर बारा सर्व्हो मोटरी असतील तर या हिशेबाने चोवीस केबल झाल्या. पॅनेल तापते म्हणून त्याला स्वतंत्र एसी. यंत्र दुसऱ्या गावी हलवायचे तर सगळे सोडवून पुन्हा जोडायचे. याउलट ड्राइव्ह मोटरीच्याच कवचात असेल, तर एका मोटरीतून दुसरीत अशी एकच साखळी पुरते: वीज आणि संदेश. दिष्ट प्रवाहाची वाहिनी सामाईक ठेवली, तर एक मोटर थांबताना परत देते ती ऊर्जा शेजारची मोटर तिथल्या तिथे वापरते. यंत्राला नवा टप्पा जोडायचा असेल, तर पॅनेल मोठे करावे लागत नाही.

यात एक जुनी गोष्ट पुन्हा घडते आहे. वाफेच्या काळातील गिरणीत एकच इंजिन असे आणि छतालगत फिरणाऱ्या लांबलचक दांड्यावरून पट्ट्यांनी प्रत्येक यंत्राला गती मिळे. यंत्रे कुठे ठेवायची हे तो दांडा ठरवी. प्रत्येक यंत्राला स्वतःची विजेची मोटर मिळाली, तेव्हा कारखान्याचा आराखडाच बदलला. आजचे पॅनेल हा त्या दांड्याचाच इलेक्ट्रॉनिक अवतार आहे, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

तरीही सुटसुटीतपणा हा या बदलामागचा दुय्यम मुद्दा आहे. मुख्य मुद्दा भौतिकीचा आहे, आणि विद्यार्थ्यांनी तो कागद-पेन घेऊन पडताळून पाहावा. ४१५ व्होल्टच्या पुरवठ्यावरून चालणाऱ्या ड्राइव्हमध्ये दिष्ट दाब सुमारे ५८७ व्होल्ट असतो. ड्राइव्ह तो मोटरीकडे अखंड धाडत नाही, स्पंदांच्या रूपाने धाडते. केबलमधून हा स्पंद साधारण प्रकाशाच्या निम्म्या वेगाने, म्हणजे नॅनोसेकंदाला १५ सेंटिमीटर, धावतो. मोटरीच्या वायंडिंगचा तरंग-रोध केबलपेक्षा पुष्कळ जास्त, त्यामुळे तेथे पोचलेला स्पंद बराचसा परावर्तित होतो. दोरीचे टोक मोकळे असेल तर तेथे पोचलेली लाट दुप्पट उसळते, तसाच हा प्रकार. स्पंद चढायला लागणारा काळ केबलमधील जाण्यायेण्याच्या काळापेक्षा कमी असेल, तर मोटरीच्या टोकाशी दाब जवळपास दुप्पट होतो: ५८७ च्या जागी ११७० व्होल्टच्या आसपास. त्यातला मोठा वाटा वायंडिंगच्या पहिल्या काही वेढ्यांवर पडतो, आणि तारेवरचे इन्सुलेशन तेथूनच झिजू लागते.

सिलिकॉनच्या नेहमीच्या साधनाचा स्पंद १०० नॅनोसेकंदांत चढतो असे धरले, तर ही धोक्याची लांबी साडेसात मीटर येते. सिलिकॉन कार्बाइडचा स्पंद २० नॅनोसेकंदांत चढू शकतो. मग तीच लांबी दीड मीटरवर येते. स्विच जितका वेगवान, तितकी ऊर्जेची हानी कमी. पण तितकाच तो मोटरीजवळ असायला हवा. मधे फिल्टर बसवून स्पंद मंद करता येतो, हे खरे. मात्र त्या फिल्टरला जागा लागते, पैसे लागतात आणि तो स्वतःही तापतो. भुवनेश्वरमध्ये जी साधने बनणार आहेत, त्यांचा पूर्ण लाभ वीस मीटर केबलच्या टोकाला मिळणार नाही. केबलच नसली तर परावर्तनाचा हा प्रश्न उद्भवत नाही. (बेअरिंगमधून वाहणारे भटके प्रवाह मात्र एवढ्याने संपत नाहीत, त्यांचा बंदोबस्त वेगळाच करावा लागतो.)

मग सगळ्यांनीच हे का केले नाही? उत्तर एका शब्दात आहे: उष्णता. मोटर तापते आणि तिला ते सोसतेही. एफ वर्गाचे इन्सुलेशन १५५ अंश सेल्सिअसपर्यंत टिकते. ड्राइव्हमधला इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर मात्र नाजूक. तापमान १० अंशांनी वाढले की त्याचे आयुष्य निम्मे होते, असा अभियंत्यांचा ढोबळ ठोकताळा आहे. म्हणजे २० अंशांत चतुर्थांश. शिवाय मोटरींचे प्रमाणित मूल्यांकन भोवतालची हवा ४० अंशांपर्यंत असेल असे गृहीत धरते, आणि उत्तर भारतातील मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली हे गृहीतक टिकत नाही. युरोपातील वातानुकूलित कारखान्यासाठी बेतलेली एकत्रित मोटर येथे तशीच बसवली, तर ती अकाली बंद पडण्याची शक्यता मोठी, आणि दोष मात्र संकल्पनेवर येईल. फिल्म प्रकारचे कॅपॅसिटर, मोटर आणि परिपथ यांच्यामध्ये उष्णतारोधक भिंत, शीतनासाठी पंख्यांची वेगळी मांडणी हे उपाय ज्ञात आहेत. ते येथील हवामानासाठी, येथील धुळीसाठी आणि येथील वीजपुरवठ्याच्या चढउतारांसाठी जुळवणे हे संशोधनाचे काम आहे. हे संशोधन विकत आणता येत नाही.

भारतात हे जमणार नाही, अशी शंका घेणाऱ्यांनी मान वर करून छताकडे पाहावे. बीएलडीसी पंखा ही स्वतःचे ड्राइव्ह अंगात बाळगणारी मोटरच आहे. जुना पंखा ७० ते ८० वॉट घेतो, हा ३० वॉटच्या आसपास. १ जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांना ऊर्जेचे तारांकन सक्तीचे झाले आणि या पंख्यांना बाजारात बळ मिळाले. प्रवेश परीक्षांच्या खोलीत डोक्यावर फिरणारी वस्तू यंत्ररचनेचा इतका चांगला धडा असू शकते, हे पाठ्यपुस्तके अजून सांगत नाहीत. वॉटचे पंख्यात जमले ते किलोवॉटच्या मोटरीत आपोआप जमेल असे नाही. तेथे उष्णता आणि दाब दोन्ही निराळ्या पायरीवर असतात. पण रचनेचा विचार तोच आहे.

चुंबकांच्या प्रश्नाचीही एक बाजू येथे उलगडते. ४ एप्रिल २०२५ रोजी चीनने डिस्प्रोसियम, टर्बियम यांसारख्या मूलद्रव्यांच्या आणि त्यांच्या चुंबकांच्या निर्यातीवर परवान्याचे बंधन घातले. निओडिमियम चुंबक तापले की त्यांची चुंबकत्व टिकवण्याची ताकद घटते. ती राखण्यासाठी डिस्प्रोसियम मिसळावे लागते. म्हणजे मोटर थंड ठेवणारी रचना ही डिस्प्रोसियमची बचतही आहे. त्यापुढची पायरी म्हणजे चुंबकाविना चालणारी रिलक्टन्स मोटर. तिचे वागणे सरळरेषीय नसते आणि तिला चालवायला त्या मोटरीची चुंबकीय वैशिष्ट्ये नेमकी ठाऊक असलेले ड्राइव्ह लागते. दोघे एकाच कवचात जन्मले, तर ही जुळणी कारखान्यातच एकदा करून देता येते. ग्राहकाच्या दारी जाऊन मापे घेत बसावे लागत नाही. चुंबकांवर ७,२८० कोटी खर्चताना काही वाटा चुंबक कमी लागणाऱ्या मोटरींवर खर्चण्यात शहाणपण आहे.

अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाच्या विद्युत वाहनांच्या मोहिमेत शक्ति-इलेक्ट्रॉनिक्स, यंत्रे आणि ड्राइव्ह यांना एकाच विभागात ठेवले आहे. हे योग्यच झाले. पण ती मोहीम वाहनांची आहे. लूम, पंप, पाकिटे भरणारी यंत्रे, धान्याच्या गिरण्या यांच्या वाट्याला असा एकत्र विचार आलेला नाही, आणि जगातील विजेचा ४५ टक्क्यांच्या आसपास वाटा मोटरींवर चालणाऱ्या उपकरणांतच खर्च होतो. महाविद्यालयांतही बहुधा वायंडिंग एका विषयात, स्विच दुसऱ्यात आणि उष्णतेचे वहन यंत्र अभियांत्रिकीच्या तिसऱ्याच इमारतीत शिकवले जाते.

राहतो दुरुस्तीचा प्रश्न, आणि तो दुर्लक्ष करण्याजोगा नाही. जुना पंखा मंदावला की कोपऱ्यावरचा वायरमन अडीच मायक्रोफॅराडचा कॅपॅसिटर बदलून देतो. जळालेली मोटर रिवाइंडिंगच्या दुकानातून परत येते. देशातील लहान कारखाने या माणसांच्या हातांवर चालतात. ड्राइव्ह रेझिन ओतून मोटरीत कायमचे बंद केले, तर एका कॅपॅसिटरपायी संपूर्ण मोटर भंगारात जाईल, आणि विजेत वाचवलेले पैसे तेथे जातील. हे टाळणे रचनाकाराच्याच हाती आहे: चार स्क्रू काढून सुटणारा, प्लगने जोडलेला बोर्ड, तो सुटा भाग म्हणून विकण्याची सोय, आणि दिवा किती वेळा लुकलुकला यावरून बिघाड वायंडिंगमध्ये की बोर्डमध्ये, हे रिवाइंडिंगवाल्याला कळेल अशी साधी खूण. अशा मोटरींसाठी सरकारी अनुदान द्यायचे झाल्यास या तीन अटी त्या कागदावर पहिल्या असाव्यात.