पाच अक्षरं, वीस उच्चार



‘आई, एच-ओ-एम-ई होम, मग सी-ओ-एम-ई कोम का नाही? कम का?’ हा प्रश्न तुमच्याही घरात कधी ना कधी आलाच असेल. आणि आपण काय करतो? ‘तसंच असतं, पाठ कर’ म्हणतो आणि कुकर बघायला उठतो!

आपल्यातल्या कितीतरी जणींचं इंग्रजी पाचवीत सुरू झालं. राज्यातल्या मराठी शाळांत २००० सालापासून ते पहिलीपासूनच आहे. मग ‘हे आपल्याला जमायचं नाही’ म्हणून आई वही मिटते, आणि मुलाला वाटतं, आपणच ढ. दोन्ही चूक. घोळ मुलाच्या डोक्यात नाही, इंग्रजीच्या लिखाणात आहे. आणि त्याची कारणं समजली की निम्मी भीती जाते.

आमच्या गडबचं नाव घ्या. आपण लिहितो ग-ड-ब, पण शेवटच्या ‘ब’मधला ‘अ’ काही कुणी उच्चारत नाही. म्हणजे लिहितो तसंच बोलतो, हा आपला तोराही पुरता खरा नाही! इंग्रजीत हेच नाव जी-ए-डी-ए-बी. इथे दोन्ही ‘ए’ म्हणजे ‘अ’. रोह्याच्या शेवटी मात्र तोच ‘ए’ म्हणजे ‘आ’. आणि पी-ई-एन लिहिलेलं आपलं पेण परक्या माणसाने वाचलं, तर ते खिशाला लावायचं पेन होतं.

इंग्रजीत स्वरांची अक्षरं पाच, आणि विलायतेतल्या बोलण्यात स्वरांचे उच्चार साधारण वीस. पाच भांड्यांत वीस जणांचा स्वयंपाक! एकटा ‘ए’ बघा : कॅट, केक, कार, बॉल, अबाउट. पाच शब्द, पाच उच्चार. आपल्याकडेही ‘ॲ’ आणि ‘ऑ’ला पूर्वीच्या बाराखडीत जागा नव्हती. इंग्रजी शब्द आले, आपण डोक्यावर चंद्र काढला आणि मोकळे झालो. इंग्रजीने तशी नवी अक्षरं केली नाहीत.

त्यात आणखी एक झालं. कॅक्स्टन नावाच्या गृहस्थाने १४७६ साली इंग्लंडात पहिला छापखाना घातला. छापील पुस्तकांमुळे स्पेलिंग हळूहळू पक्की होत गेली. पण साधारण १४०० ते १७०० या काळात लोकांच्या तोंडचे दीर्घ स्वर बदलत होते. ‘नेम’ हा शब्द त्याआधी जवळजवळ आपल्या ‘नाम’सारखा म्हणत, आणि शेवटचा ‘ई’सुद्धा ऐकू येई. उच्चार पुढे गेला, स्पेलिंग मागेच राहिलं.

पण तो मुका झालेला ‘ई’ रिकामा बसलेला नाही हं! तो आधीच्या स्वराला त्याचं स्वतःचं नाव घ्यायला लावतो. टी-यू-बी टब, शेवटी ‘ई’ आला की ट्यूब. कॅपचं केप, किटचं काइट, नॉटचं नोट. पुढे व्यंजन दोनदा आलं, तर बहुधा स्वर आखूडच राहतो. म्हणून डायनिंगमध्ये ‘एन’ एकदा आणि डिनरमध्ये दोनदा. टेबलाशी बसल्या बसल्या शिकवता येईल असा हा धडा.

मग हॅव, गिव्ह, लव्ह यांचं काय? इंग्रजीत शब्दाच्या शेवटी एकटा ‘व्ही’ सहसा ठेवत नाहीत, म्हणून तिथे ‘ई’ नुसता सोबतीला बसवलेला. आणि आपला ‘कम’? हाताने पोथ्या लिहीत त्या काळी एम, एन, यू, व्ही ही अक्षरं म्हणजे नुसत्या उभ्या काड्या. त्या शेजारी आल्या की वाचणाराला उलगडा होईना. म्हणून नकला करणारे ‘यू’च्या जागी ‘ओ’ लिहू लागले, असं अभ्यासक सांगतात. कम, सन, मंकी, लव्ह या सगळ्यांत तोच ‘ओ’ बसला आहे.

आता करायचं काय? जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या बाजूला तीन रकाने आखा. पहिल्यात मुक्या ‘ई’च्या जोड्या, दुसऱ्यात दुहेरी व्यंजनाचे शब्द, तिसऱ्यात हट्टी शब्द, म्हणजे वन, टू, सेड यांच्यासारखे, जे पाठच करावे लागतात. रोज पाच शब्द पुरेत. शब्द आधी मोठ्याने म्हणायचा, मग लिहायचा. उच्चाराबद्दल तुम्हालाच शंका असेल, तर शब्दकोश मुलाबरोबर उघडा किंवा फोनवर दोघं मिळून ऐका. त्यात कमीपणा कसला?

तिसरा रकाना बाकीच्यांपेक्षा लहान राहतो, हे मूल आपल्या डोळ्यांनी बघेल. मग पुढच्या वेळी त्याने ‘का?’ विचारलं, तर कुकरची शिट्टी होऊ दे. दोन मिनिटं बसा, आणि सांगा.