विश्लेषण : सीपॅप मशीन कपाटावर का जाते?

झोपेत श्वास अडणाऱ्या, म्हणजे स्लीप अ‍ॅप्नियाच्या रुग्णाचा घसा सीपॅप मशीन हवेच्या दाबाने उघडा ठेवते. १९८१ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या कॉलिन सलिव्हन यांनी मांडलेला हा उपाय आजही खात्रीचा मानला जातो. पण मास्क टोचतो, नाक कोरडे पडते आणि मशीन कपाटावर जाते. दोष मात्र रुग्णाच्या ‘सवयी’ला!

अनेकदा चुकते ते मास्कचे माप. हवा गळू लागली की रुग्ण पट्टा आवळतो. नाकावर वळ उठतो, गळती तशीच. पट्टे आडवे होऊन, मशीन सुरू ठेवूनच बसवावेत. मिशी असेल तर नाकपुड्यांना टेकणारा छोटा मास्क बरा. कोरड्या नाकासाठी ह्युमिडिफायर असतो. पण नळीत पाणी साचून गुळगुळ आवाज येऊ लागला, की तो कमी करावा. वीज गेल्यावर त्याचा हीटर बंद केला तर बॅटरी जास्त टिकते. दाब मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलू नये.

डहाणूहून २०१३ पासून मुंबईकडे लोकल तरी आहे, तलासरीला रेल्वे स्थानकच नाही. मास्क बदलायला मुंबई गाठायची तर दिवसाची मजुरी बुडते. डहाणूचे उपजिल्हा आणि तलासरीचे ग्रामीण रुग्णालय इथे आठवड्यातून एक दिवस, चार मापांचे मास्क आणि ते बसवून देणारा एक प्रशिक्षित कर्मचारी, एवढे ठेवायला नवी इमारत लागत नाही.