सरासरीच्या आड

ग्लोबल वॉर्मिंगवर ग्रुप डिस्कशन असलं की एक मुद्दा हमखास येतो. "अमेरिकेचा माणूस वर्षाला 14 टन कार्बन डायऑक्साइड सोडतो, भारतीय फक्त 2. मग आम्हाला का शिकवता?" टाळ्या पडतात, विषय संपतो.

मुद्दा खोटा नाही. 2023 साली एकूण उत्सर्जनात चीन पहिला, अमेरिका दुसरी आणि आपण तिसरे. पण 140 कोटींच्या देशाची तुलना 34 कोटींच्या देशाशी दरडोईच व्हायला हवी. तशी केली की चीन 8 टनांच्या आसपास, जगाची सरासरी पावणेपाच, आणि चिमुकला कतार 35 च्याही वर!

पण मित्रांनो, सरासरी ही फसवी बाई आहे, हे स्टॅटिस्टिक्सच्या पहिल्याच तासाला कळतं. एक बल्ब, एक पंखा असलेलं घर आणि खोलीगणिक एसी असलेला फ्लॅट, दोघांचं मिळून हे 2 टन होतात. म्हणजे आपण मिरवतो ती काटकसर बहुधा दुसऱ्याची असते, तीही नाइलाजाची.

देशाने हा आकडा जगापुढे जरूर ठणकावून मांडावा. आपण मात्र स्वतःचा काढू या. एक लिटर पेट्रोल म्हणजे 2.3 किलो, विजेचं एक युनिट म्हणजे साधारण 700 ग्रॅम. बाइक, गीझर, रात्रभर चालू राहिलेले कॉम्प्युटर, सगळं धरा. कॅल्क्युलेटर तर प्रत्येकाकडे आहेच!