व्यापार की सावकारी?
अमेरिकेच्या सरहद्दीवर व्यापाऱ्यांनी प्रगती नेली, असे सांगणाऱ्यांना आम्ही विचारतो : मग चोक्टॉ लोकांची जमीन कुठे गेली? पॅन्टन-लेस्ली कंपनी पेन्साकोलाहून हरणांची कातडी जहाजाने लंडनला धाडी आणि कापड, बंदुका, दारूगोळा उधारीवर देई. वही कंपनीची! आमच्या बापजाद्यांना ही वही नवी नाही. १८०३ साली राष्ट्राध्यक्ष जेफरसनने हॅरिसनला पत्रात सरळ कळवले, की त्यांच्यातली वजनदार माणसे कर्जात बुडालेली बरी, फेडता आले नाही की जमीन सोडतील. (सर्व माणसे समान, असे लिहिणारा हाच तो!) १८०५ च्या तहात चोक्टॉंची ४० लाखांहून अधिक एकर जमीन गेली. ५०,५०० डॉलर ठरले. त्यातले ४८,००० व्यापाऱ्यांच्या कर्जफेडीलाच.